मेंढरांचा करारनामा

मुनवर अहलकारांनी एकतीस वर्षं तालुका कचेरीत बसून जमिनीचे कागद लिहिले, आणि त्या एकतीस वर्षांत चपलेला एकदाही माती लागू दिली नाही. अहलकार म्हणजे निजामाच्या राज्यातला कारकून. राज्य गेलं, कचेरीवरची पाटी बदलली, उर्दू दप्तर जाऊन मराठी दप्तर आलं, तरी शेरवानीची वरची गुंडी लावून चालणाऱ्या या माणसाला लोक अहलकारच म्हणत राहिले. बेंबळीत मात्र त्यांना दुसरंही नाव होतं. बेंबळी ही त्यांची सासुरवाडी. हमिदाबी गावची लेक, म्हणून तिचा नवरा अख्ख्या गावाचा जावई, आणि म्हणून पाटलापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना 'दाजी' म्हणायचे. दाजींनी गावात यावं, पानसुपारी खावी, चांगल्या जागी बसावं. काम करू नये. पेन्शनीत निघून मुनवर कायमचे बेंबळीला राहायला आले तरी गावानं हा नियम काही ढिला केला नाही.

घरी बसून दोन महिने झाल्यावर एके सकाळी त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "यंदापासून मळा मी करणार."

मळा होता सव्वा एकराचा, विहिरीच्या पाण्याचा, हमिदाबीला तिच्या अब्बांकडून आलेला. वांगी, गवार, भेंडी, मिरची, कडेनं दोडक्याचे वेल. गेली आठ वर्षं दगडोबा नावाचा शेजारचा शेतकरी तो बटईनं करत होता. पिकेल ते निम्मं त्याचं, निम्मं यांचं.

हमिदाबी हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "वांग्याचं रोप किती दिसाचं झाल्यावर लावतेत?"

"ते दप्तरात... म्हणजे ते विचारून घेता येईल."

"बरं. मग आईका," ती म्हणाली. "मिरग लागायला महिना हाय. तवर जमिनीत खत घालून दाखवा. अब्बांच्या मळ्यात शेणाबिगर आन मेंढराबिगर दुसरं काय पडलं न्हाय. दगडोबा म्हणतो, औंदा म्या ग्रामसेवकाच्या सरकारी खताचं पोतं टाकनार. माझ्या जिवाला ते पटत न्हाय, पर पडीक ठेवन्यापरीस पोतं बरं. मिरगाच्या दिशी मळा तयार असला तर तुमचा. नसला तर दगडोबाचा."

म्हणजे एकंदरीत मुदत ठरली, अट ठरली. मुनवरांना हे आवडलं. मुदत आणि अट असली की त्यांना काम सुरू झाल्यासारखं वाटे.

आता प्रश्न शेणाचा. घरात एक बकरी, आणि तिची मिजास अशी की ती द्यायची त्यात अळूचं एक पान पोसलं असतं. गावानं सल्ले दिले. कुणी म्हणालं नदीचा गाळ आणा, कुणी म्हणालं करंजीची पेंड घाला. ग्रामसेवक स्वतः चालून आला, त्यानं ओसरीवर पांढऱ्या खताचं पोतं ठेवलं, आणि "साहेब, एका शिकल्यासवरल्या माणसानं प्रात्यक्षिक केलं की गाव मागं येतंय" अशी गळ घातली. मुनवरांनी त्याला नकार दिला तो लेखी, तीन प्रतींत. ग्रामसेवकाच्या नोकरीत खत नको म्हणून अर्ज पहिल्यांदाच आला होता. तो कुठल्या फायलीत लावायचा हे त्याला कळेना, आणि मुनवरांनी त्याबद्दलही त्याला सल्ला दिला.

शेवटी वाणी महालिंगप्पा म्हणाला, "दाजी, सोपं हाय. लिंबाजी धनगर आलाय माळावर. तीनशे मेंढरू हाय. तीन रात्री बसवा मळ्यात. लेंडी पडती, मूत मुरतंय, वरीसभर बघायला नको."

ही चाल त्या मुलखात जुनी. उन्हाळ्यात रानं मोकळी असतात, तेव्हा धनगर रात्री मेंढरं शेतात बसवतो. शेतकरी त्याला ज्वारी देतो, एक वेळचं जेवण देतो, तमाखू देतो. हे सगळं ठरतं बांधावर उभ्या उभ्या, चार वाक्यांत. "परवा ये." "येतो." "कुटं?" "त्या चिचंपसून त्या विहिरीपतूर." झालं.

मुनवरांचं असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी लिंबाजीला ओसरीवर बसवलं आणि करारनामा लिहायला घेतला. तोही उर्दूत, कारण त्यांच्या मते मराठीत अर्ज लिहावा आणि करारनामा उर्दूतच लिहावा. पक्ष पहिला, पक्ष दुसरा, मेंढरांची संख्या लहान कोकरं धरून, लेंडीवर पूर्ण हक्क पक्ष पहिल्याचा. मग जमिनीचं वर्णन आलं. चतुःसीमा. इथं दुसरा कोणी असता तर उठून दोन फर्लांगांवरच्या मळ्यात जाऊन आला असता. मुनवरांनी पेटी उघडली, सासऱ्यांचा जुना खरेदीचा कागद काढला आणि त्यातल्या चतुःसीमा काना-मात्रेसकट उतरवून घेतल्या. पूर्वेस ओढा, पश्चिमेस सामायिक विहिरीचा बांध, वगैरे. नोकरीत त्यांनी हजारो जमिनींच्या चतुःसीमा अशाच लिहिल्या होत्या आणि त्यातली एकही जमीन पाहिली नव्हती.

सगळ्यात शेवटी त्यांनी एक कलम घातलं. त्याचा त्यांना विशेष अभिमान होता: सदर कामी कोणाही तिऱ्हाइताचे म्हणणे ग्राह्य धरू नये, कुटुंबातील मंडळींचे तर मुळीच धरू नये.

"ह्येचा अर्थ काय वो साहेब?" लिंबाजीनं अंगठा उठवता उठवता विचारलं.

"कागदात आहे तसं कर. कुणी काही सांगितलं तरी ऐकू नको."

लिंबाजी मान हलवून म्हणाला, "बरं हाय. मागल्या साली कागद नव्हता म्हनून माझी मेंढरं चार दीस कोंडवाड्यात व्हती. आता ह्यो कागद मोडायचा न्हाय बगा." त्यानं तो घडी करून पटक्यात खोवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुनवर पेन्शनीच्या कामाला उस्मानाबादला गेले. आपण हयात आहोत असा दाखला त्यांना द्यायचा होता. पहिल्या दिवशी साहेब रजेवर होते. दुसऱ्या दिवशी साहेब होते पण शिक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मुनवर शेख हे अधिकृतपणे जिवंत ठरले आणि पाचच्या मोटारीनं समाधानानं घरी निघाले. वाटेत त्यांनी मनातल्या मनात वांग्यांचे वाफे पाडले.

घरात शिरले तर हमिदाबी उंबऱ्यातच उभी होती. एरवी ती नवऱ्याशीसुद्धा मराठीत बोले, गावाच्या सवयीनं. घरची दखनी उर्दू तोंडात यायची ती फक्त रागात.

"क्या करको रखे जी तुमें?" ती म्हणाली.

झालं होतं ते असं. हमिदाबीच्या अब्बांनी जमीन घेतली होती ओढ्याकाठची. तिच्यालगत, विहिरीच्या बांधापलीकडं, गाडीवाटेला लागून दुसरा तुकडा होता शेजारच्या बब्रुवानच्या वडलांचा. अब्बांना भाजीची गाडी बाजारला न्यायची तर वाट लांब पडे. बब्रुवानच्या वडलांना जनावरं पाण्यावर न्यायची तर ओढा लांब पडे. एके दिवशी दोघं बांधावर बसले, गुळाचा एक खडा फोडून अर्धा अर्धा खाल्ला आणि तुकडे बदलून घेतले. त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती. कागद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. विहीर दोघांत होती ती तशीच राहिली, चार दिवस यांचं पाणी, चार दिवस त्यांचं.

म्हणजे करारनाम्यातल्या चतुःसीमा होत्या बब्रुवानच्या ताब्यातल्या जमिनीच्या. लिंबाजीनं महालिंगप्पाकडून कागद वाचून घेतला, कारण महालिंगप्पा निजामाच्या शाळेत उर्दू शिकला होता, आणि पूर्वेला ओढा असलेलं रान शोधून त्याच रात्रीपासून तिथं तीनशे मेंढरं बसवली. बब्रुवान बायकापोरांसह नळदुर्गला लग्नाला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हमिदाबी मळ्याकडं गेली आणि ओरडली, "अरे लिंबाजी, आमचं रान पल्याड हाय!" लिंबाजीनं पटक्यातून कागद काढला. तिनं महालिंगप्पाला बोलावून आणलं. महालिंगप्पानं तो पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला, कुटुंबातल्या मंडळींच्या कलमासकट. ते कलम ऐकल्यावर हमिदाबी तशीच माघारी घरी आली होती.

तीन रात्री पूर्ण करून, ज्वारी घेऊन लिंबाजी भूमकडं निघूनही गेला होता. तिकडं त्यानं पुढं शब्द दिलेला होता.

मुनवर खाली बसले. पहिला विचार त्यांच्या मनात खताचा आला, आणि तो चुकीचा होता. खरी पंचाईत वेगळीच होती. महालिंगप्पाच्या दुकानात जो गूळ न्यायला आला तो बातमीही घेऊन गेला: दाजींनी जुना कागद काढलाय, बब्रुवानचं रान कागदोपत्री हमिदाबीचं हाय, आन ताबा घ्यायला दाजींनी आधी मेंढरं घातलीत. लोकांना त्यात कचेरीचा डाव दिसला. एकतीस वर्षं कचेरीत घालवलेला माणूस चुकून काही करेल यावर कुणाचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर मुनवरांना त्यातल्या त्यात हेच जरा बरं वाटलं.

पण बब्रुवान लग्नाहून आला, रान बघितलं, आणि भांडायला आला नाही. तो तडक तलाठ्याकडं गेला. हमिदाबीला हे फार लागलं. लहानपणी ती आणि बब्रुवान एकाच विहिरीत पोहायला शिकली होती. पाणी सोडायची पाळी बदलायची असली तर तो दारात येऊन हाक मारायचा. आता तो घरावरून खाली बघून गेला. मुनवर समजूत घालायला त्याच्या अंगणात गेले तर तो उठून उभा राहिला, बसायला घोंगडी टाकली, चहा सांगितला, आणि म्हणाला, "दाजी, तुमी जावई मानूस. तुमाला काय म्हनायचं? जे व्हायचं ते चावडीत हुईल." मुनवर चहा तसाच ठेवून घरी आले.

चावडी भरली. तलाठी नवा, सातारकडचा तरुण पोरगा, उर्दूचं अक्षर त्याच्या डोळ्यांनाही माहीत नव्हतं. त्यानं मराठीतली नवी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आमच्या नोंदीतही ओढ्याकाठची जमीन हमिदाबींच्या वडिलांकडून त्यांच्या नावे आलेली आहे. मूळ कागद काय म्हणतो?"

कागद वाचू शकणारी दोनच माणसं होती. महालिंगप्पाला त्या दिवशी नेमका ताप आला होता, निदान तो तसं म्हणत होता. कागद मुनवरांच्या हातात आला.

 ओढ्याकाठची जमीन काळीभोर, शिवाय आता तीनशे मेंढरांच्या तीन रात्री तिच्या पोटात. बब्रुवान खांबाला टेकून जमिनीकडं बघत बसला होता. दारात बायकांत हमिदाबी उभी होती, तिच्यापलीकडं दगडोबा. मुनवरांनी कागद वाचला. एकही अक्षर त्यांनी बदललं नाही, तसं करणं त्यांच्या हातून मेल्यावरही झालं नसतं. पूर्वेस ओढा, पश्चिमेस विहिरीचा बांध. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे जमीन तुमचीच," तलाठी म्हणाला. "कागद स्पष्ट आहे."

"कागद बरोबर आहे, साहेब," मुनवर म्हणाले.  "सही बरोबर आहे, शिक्का बरोबर आहे. पण तो खरा नाही. जमीन पस्तीस वर्षांपूर्वी बदलली."

"त्याला पुरावा?"

"तोंडी."

हा शब्द उच्चारताना त्यांना किती यातना झाल्या असतील ते फक्त कचेरीत काम केलेल्यांनाच कळेल. तोंडी पुरावा ग्राह्य नाही, असा शेरा त्यांनी स्वतःच्या हातानं किती अर्जांवर मारला होता याला गणती नव्हती. असे कितीतरी लोक त्यांच्या टेबलापुढून मान खाली घालून गेले होते. त्यातल्या काहींची तोंडं या क्षणी त्यांना आठवली, आणि त्यांना लाज वाटली.

"कोणाची साक्ष?" तलाठ्यानं विचारलं.

"माझ्या कुटुंबाची," मुनवर म्हणाले. "तिचं म्हणणं ग्राह्य धरावं. मुळात माझंच चुकलं. मी रान न बघता कागद लिहिला."

चावडीत कुणीतरी हसलं. हमिदाबी पदर सावरत पुढं आली. "म्या सात वर्साची व्हते," ती म्हणाली. "अब्बा आन बब्रूचे बाबा बांधावर बसले. गूळ फोडला. त्यातला मोठा तुकडा मला दिला, बब्रूला ल्हान. तवा त्यो रडला व्हता. ईचारा त्याला, रडला का न्हाय."

बब्रुवाननं पहिल्यांदा मान वर केली. "रडलो व्हतो," तो म्हणाला. "मोठा तुकडा तिनं ढापला व्हता, सायेब. लिवून घ्या."

तलाठ्यानं तसं लिहून घेतलं की नाही कोण जाणे, पण दोघांचे जबाब घेतले आणि अदलाबदलीचा रीतसर अर्ज करायला सांगितला. "अर्जाचा मसुदा मी करून देतो," मुनवर म्हणाले. "नको!" अख्खी चावडी एका आवाजात म्हणाली. मग तलाठ्यानंच तो लिहिला, दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकवून, आणि मुनवर ते बघत गप्प बसले.

प्रकरण मिटलं असं त्यांना वाटलं. पण मृगाला दोनच दिवस उरले होते आणि त्यांचा मळा होता तसाच, कोरडा, खताविना. दगडोबा येता जाता नमस्कार करू लागला. नमस्कार जास्तच लवून होता.

त्या संध्याकाळी बब्रुवान दारात आला. "दाजी, तुमचं खत घिऊन जा. माझ्या बानं कुणाचं फुकट घेतलं न्हाय, म्याबी घेनार न्हाय. लेंडी लोटून ढीग लावलेत."

"असू दे रे."

"असू दे कसं? लेंडी तुमची हाय, कागदात लिवलंय म्हनं. आन मूत मुरलंय ते काय मला परत काढता येईना, तवा त्येच्या बदली औंदा माझ्या पाळीतलं एक दीस पानी तुमाला. जास्तीचं."

 कृतज्ञता व्यक्त करण्याचा मुनवरांकडं एक नमुना होता, पण तो सरकारी होता. त्यांनी बब्रुवानचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या उन्हाला मुनवर अहलकार शेरवानी काढून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर लेंड्यांची पाटी घेऊन ओढ्याकाठून निघाले. बांध ओलांडून वर चारशे पावलं. साठ पावलं झाली नाहीत तोच पाटलांचा गडी धावत आला. "दाजी, आवं काय करताव ह्ये? गावचा जावई शेनाची पाटी उचलतो? तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का आमाला?" त्यानं पाटी हिसकावून घेतली आणि गेला. मुनवर परत गेले, दुसरी भरली. ती न्हाव्यानं घेतली. तिसरी तर दोन म्हाताऱ्यांनी, एकमेकांशी भांडून. तासाभरात गावात बातमी पोचली की दाजी लेंडी वाहतायत, आणि ज्या लोकांनी चार दिवसांपूर्वी दाजींना पाताळयंत्री ठरवलं होतं तेच घरून पाट्या घेऊन यायला लागले. ज्यानं त्यानं एकच म्हणावं, "दाजी, तुमी सावलीत बसा." कुणीतरी लिंबाखाली घोंगडी टाकली. कुणी तांब्याभर ताक आणलं. मुनवर घोंगडीवर बसले, ताक प्याले आणि त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. गाव त्यांचं काम करत होतं, आणि त्या कामाबरोबर त्यांचा मळाही हळूहळू त्यांच्या हातून चालला होता. हमिदाबी वरच्या बांधावर उभी राहून हे सगळं बघत होती. 

दुपार कलली तेव्हा एका पाटीपुरतं खत उरलं. मुनवर उठले. त्यांनी ते हातानं पाटीत भरलं, खालची माती खरवडून, बोटांच्या नखांत जाऊ देऊन. पाटी उचलून डोक्यावर घेतली तोच दगडोबा समोर आला.

"दाजी, असू द्या. म्या हाय की." त्यानं दोन्ही हात पाटीला लावले. त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. आठ वर्षं त्यानं तो मळा इमानानं केला होता.

"हात काढ, दगडोबा," मुनवर म्हणाले.

"लोक काय म्हनतील?"

"म्हणू देत. दाजी घरी गेले म्हणून सांग."

ते निघाले. पाटी एका बाजूला कलली, लेंड्या मानेवरून सदऱ्यात गेल्या, चुंबळ डोळ्यांवर आली. दोनदा थांबले. बांधाशी पाय घसरला तेव्हा सगळे 'दाजी, दाजी' करत धावले, पण बब्रुवाननं हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं. मुनवर उठले, सांडलेलं परत भरलं, आणि वर चढले. हमिदाबीपुढं येऊन उभे राहिले तेव्हा त्यांना नीट श्वास घेता येत नव्हता आणि त्यांच्या केसांत शेळीलासुद्धा शोभणार नाही इतका कचरा होता.

हमिदाबीनं त्यांच्याकडं बघितलं. मग मागून आलेल्या दगडोबाकडं.

"दगडोबा," ती म्हणाली, "औंदा तू दुसरा मळा बघ बाबा."

दगडोबानं मान हलवली. नवऱ्याकडं वळताना तिचे डोळे भरले होते, पण आवाज रोजचाच होता.

"हितं नका वतू. त्या कोपऱ्यात वता. तितं वांगी लावायचीत."

"कुठल्या कोपऱ्यात?" मुनवरांनी पाटीखालून विचारलं. "पूर्वेकडच्या, की उत्तरेकडच्या?"

"माझ्या बोटाकडं बघा," हमिदाबी म्हणाली.

मुनवरांनी तिच्या बोटाकडं बघितलं आणि त्या कोपऱ्याकडं चालू लागले.